निघताना च्याओझ

२०११ चा नोव्हेंबर. न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजातलं माझं पहिलं सत्र चालू होतं. किसेना बुलेव्हार्डवरून बसने मेन स्ट्रीटला यायचं आणि तिथून सात नंबरची ट्रेन धरायची, हा रोजचा रस्ता. फ्लशिंग हे त्या ट्रेनचं शेवटचं स्टेशन, त्यामुळे बसायला जागा मिळायची; त्या भागाशी माझा तोवर तेवढाच संबंध. एका संध्याकाळी बसमधून उतरले आणि पाऊस आला. छत्री नव्हती. गल्लीच्या तोंडाशी एक अरुंद दुकान होतं, काचा वाफेने पांढऱ्या झालेल्या. त्याच्या दारात आडोशाला उभी राहिले. आतून एका मुलाने हाक मारली, "आयी!"

मी वळून बघितलं. ऑगस्टपासून ती हाक कानावर पडली नव्हती, फोनवर मी मारायचे तेवढीच. आत तेरा-चौदा वर्षांचा एक चिनी मुलगा उभा होता आणि पिठाने माखलेल्या हातांची, केस आखूड कापलेली एक बाई त्याच्याकडे न बघता काहीतरी उत्तर देत होती. ती त्याची आई नव्हती. चिनी भाषेत आपल्यापेक्षा वडील बाईला 'आयी' म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. 'आ' वरच्या पट्टीत सपाट धरायचा आणि 'यी' प्रश्न विचारल्यासारखा चढवायचा. हे सगळं मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी मी फक्त दार ढकलून आत गेले, कारण त्या हाकेनंतर बाहेर उभं राहवेना.

चार टेबलं. भिंतीवर पदार्थांचे फोटो, त्यांतले काही उन्हाने निळे पडलेले. फोटोखाली किंमत: बारा नग, साडेचार डॉलर. मी बोट दाखवलं त्या फोटोत कुठलं सारण आहे हे मला वाचता येत नव्हतं. दहा मिनिटांनी बशी आली. पांढरे, ओले, पोटाशी फुगलेले बारा च्याओझ, म्हणजे सारण भरून पाण्यात उकडलेल्या चिनी करंज्याच, एकमेकांना जेमतेम न चिकटलेले. एक अर्धा तोडला आणि आतून बडीशेपेच्या पाल्याचा वास आला. कोवळ्या पाल्याचा, शेपूच्या जवळचा, पण थोडा गोड. डुकराचं मांस मी तोवर खाल्लं नव्हतं. त्या वासापुढे तो विचार मनात यायलाही उशीर झाला.

पुढची आठ वर्षं मी त्या दुकानात जेवत होते.

च्याओझ हा उत्तर चीनचा पदार्थ. दक्षिणेत भात, उत्तरेत गहू. आपल्याकडे कोकणात तांदळाची भाकरी आणि घाटावर ज्वारीची, तशी ही वाटणी. पदार्थ जुना आहे. चीनच्या वायव्य भागात तुर्फानजवळ अस्तानाच्या थडग्यांमध्ये थांग राजवटीच्या काळातले, म्हणजे बाराशे वर्षांहून जुने च्याओझ सापडले आहेत. वाळवंटाच्या कोरड्या हवेत ते वाळून तसेच राहिले. आकार आजचाच, अर्धचंद्रासारखा. त्याची एक दंतकथाही आहे. हान काळात चांग चोंगचिंग नावाचा वैद्य होऊन गेला. थंडीत गरिबांचे कान गारठून सडताना पाहून त्याने मटण आणि औषधी मसाले पिठाच्या पारीत कानाच्या आकाराचे बांधले आणि रश्श्यासकट वाटले. म्हणून उत्तरेकडे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, २१-२२ डिसेंबरला, च्याओझ खायचेच. न खाल्ले तर कान गळून पडतात असं लहान मुलांना सांगतात. त्या दिवशी दुकानाबाहेर रांग लागायची आणि रांगेतली म्हातारी माणसं खरंच कानटोप्या खाली ओढून उभी असायची.

मागच्या बाजूला, दाराला पडदा नसलेल्या खोलीत, तीन बायका काम करायच्या. मी मुद्दाम तिथून दिसेल अशा खुर्चीवर बसायचे. मळलेल्या कणकेची वळकटी करून तिचे तुकडे पाडायचे, ते तळव्याने दाबायचे. त्या लाट्याच. ओल्या फडक्याखाली झाकलेल्या. एकीच्या हातात लाटणं, पण आपल्यासारखं नाही. वीतभर लांब, अंगठ्याएवढं जाड, मुठी नसलेलं. उजव्या हाताने लाटणं कडेपासून मध्यापर्यंत न्यायचं आणि मागे आणायचं, डाव्या हाताने लाटी जराशी फिरवायची. पाच-सहा फेऱ्यांत पारी तयार: कडा पातळ, मध्य जाड, कारण सारणाचा भार मध्यावर येतो. दुसऱ्या दोघी सारण भरायच्या. मोदकाला कळ्या पाडतात तशी नजाकत तिथे नव्हती. सारण ठेवलं, पारी मिटली, दोन्ही हातांचे अंगठे आणि बोटं एकदाच दाबली की संपलं. एका दाबात मिटलेला च्याओझ पाटावर बसायचा तो पोट पुढे काढून, ताठ.

मला दिसत होतं ते दिवाळीच्या आधीचं आमचं घर. करंज्या कुणी एकटी करत नाही. एक लाटते, एक भरते, एक मुरड घालते किंवा कातते, एक तळणीपाशी. उत्तर चीनमध्ये नववर्षाच्या आदल्या रात्री सगळं घर च्याओझ करायला असंच बसतं, एखाद्यात नाणं लपवतात, ज्याच्या दाताखाली येईल त्याचं वर्ष चांगलं. फरक इतकाच, की या तिघी आठवड्याचे सातही दिवस, दिवसाचे बारा तास करंज्यांना बसल्यासारख्या बसत होत्या.

मधली ती आयी. आम्ही दोघी बोललो ते बहुतेक त्या मुलाच्या तोंडून. तो दुसऱ्या बाईचा मुलगा, शाळेतून येऊन कोपऱ्यातल्या टेबलावर गणितं करत बसायचा आणि कंटाळा आला की आमचं भाषांतर करायचा. आयीने मला खायचं कसं ते शिकवलं. व्हिनेगर काळा घ्यायचा. तिच्या दुकानात शान्शी प्रांताचा असायचा, तो ज्वारीपासून करतात. ज्वारी आंबवली की असा लाकडासारखा, खोल आंबट वास येतो हे मला, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मुलीला, ठाऊक नव्हतं. लसणीची कच्ची पाकळी सोलून हातात धरायची आणि एक घास च्याओझचा, एक चावा लसणीचा. आपण बुक्कीने फोडलेला कांदा खातो तसं. आणि शेवटी, ज्या पाण्यात च्याओझ उकडले ते गढूळ, पिठूळ पाणी वाटीभर प्यायचं. त्याला पैसे नाहीत. 'युआन थांग हुआ युआन शर', ती म्हणायची. ज्या पाण्यात शिजलं तेच पाणी त्याला पचवतं. मी ती वाटी पहिल्यांदा तोंडाला लावली आणि मला भाताची पेज आठवली. आजीने मीठ घालून, पितळीच्या वाटीत दिलेली.

आजीबद्दल सांगायला हवं. माझी आजी लालबागला खानावळ चालवायची. खानावळ म्हणजे पाटी लावलेली नव्हे. चाळीतली एक खोली, पुढे गॅलरी, नळ मजल्याच्या टोकाला. आजोबा एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. ते लवकर गेले. पदरात तीन मुलं, तेव्हा आजीने तेच केलं जे गिरणगावात शेकडो बायका करत होत्या: गावी बायका-मुलं ठेवून आलेल्या गड्यांना दोन वेळचं जेवायला घालायचं. अठरा गडी होते तिच्याकडे. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी मध्यरात्री. त्यामुळे चूल कधी विझायचीच नाही. पगाराला महिन्याचे पैसे यायचे, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. आजीने त्या कर्जातून दोन मोठे टोप घेतले. तोवर ती ते भाड्याने आणायची. कर्जाच्या कागदावर सही करायला शिकली ती वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, आणि ती सही मी पाहिली आहे: प्रत्येक अक्षर वेगळं, जणू चुलीपुढे एकेक भाकरी टाकली आहे.

मग १८ जानेवारी १९८२. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधी मागेच घेतला गेला नाही. आजीने पहिले काही महिने सगळ्यांना जेवू घातलं, वहीत लिहून. मग आमटी पातळ झाली. मग गडी एकेक करून गावी गेले. संप मिटला की येऊन देतो, असं प्रत्येकाने सांगितलं आणि प्रत्येकाला ते खरं वाटत होतं, असं आजी शेवटपर्यंत म्हणायची. तिने त्यांच्याबद्दल एक वाकडा शब्द कधी काढला नाही. खानावळ त्याच वर्षी मिटली.

मी हे आयीला सांगितलं ते दुकानात जायला लागून दोन वर्षांनी. गर्दी नव्हती, मुलगा मोकळा होता. 'गिरणी' या शब्दाला तो अडला. मी बोटांनी धागा ओढून दाखवला, तशी आयीने हातातली पारी खाली ठेवली. अंगठा आणि तर्जनीमध्ये नसलेली दोन टोकं धरली, पीळ दिला, सोडली. पुन्हा धरली, पीळ, सोडली. फार वेगात. ती शेनयांगच्या एका सूतगिरणीत तुटलेले धागे जोडायचं काम करत होती, एकोणीस वर्षं. १९९० च्या दशकाच्या अखेरीला चीनने तोट्यातले सरकारी कारखाने मोडीत काढले तेव्हा कोट्यवधी कामगार घरी बसले, आणि ईशान्येकडच्या कारखान्यांच्या शहरांत सर्वांत जास्त. त्याला त्यांचा शब्द आहे 'श्यागांग', जागेवरून उतरवलेला. आयी उतरवली गेली तेव्हा बेचाळिशीची होती. नवराही त्याच वर्षी. थोडी वर्षं तिने रस्त्यावर च्याओझ विकले, मग फ्लशिंगला आली. तैवानची माणसं तिथे आधीपासून होती. त्यांच्या मागोमाग चीनच्या या थंड कोपऱ्यातून आयीसारख्या बायका आल्या, हातात पारी लाटायची कला आणि पाठीशी बंद झालेला कारखाना घेऊन.

मी तिच्या बोटांकडे बघत होते. धागा जोडायचा पीळ आणि च्याओझ मिटायचा दाब, दोन्ही त्याच दोन बोटांत.

त्यानंतर मला 'स्वस्त' हा शब्द सहज वापरता आला नाही. न्यूयॉर्कवर लिहिणारे लोक याद्या करतात, दहा डॉलरच्या आत कुठे जेवाल, आणि त्यांत अशी दुकानं फार कौतुकाने येतात. मॅनहॅटनच्या चायनाटाउनमध्ये एका डॉलरला चार-पाच तळलेले च्याओझ मिळायचे, ते दिवस लोक अजून हळहळून आठवतात. त्याच शहरात पांढरा कपडा घातलेल्या टेबलावर इटालियन राव्हिओलीचे सहा-सात नग तेव्हा वीस-पंचवीस डॉलरला यायचे. तीही पारीच, आत सारणच. मग आयीचे बारा नग साडेचार डॉलरला का? कणीक स्वस्त आहे म्हणून नाही. तिच्या हातांचे पैसे कुणी धरतच नाही म्हणून. आजीच्या ताटाच्या हिशेबातही तांदूळ होते, डाळ होती, रॉकेल होतं. पहाटे साडेतीनला उठणं कुठे होतं? २०१५ च्या सुमाराला आयीने किंमत सहा डॉलर केली तेव्हा एक नेहमीचं गिऱ्हाईक दारातच तिच्यावर आवाज चढवून बोललं. त्या माणसाचा राग मला अजून येतो.

सारण करताना ती मांसात पाणी जिरवायची. थोडं थोडं, मिरी-आल्याचं पाणी, आणि सतत एकाच दिशेने ढवळत. उलटं फिरवलं की पाणी सुटतं, म्हणे. मुगाच्या भज्यांचं पीठ आजी असंच एका दिशेने फेटायची आणि मी मध्येच हात घातला तर रागवायची. उकळत्या पाण्यात च्याओझ सोडले की तीन वेळा उकळी मोडायची: फसफसून वर आलं की गार पाण्याचा पेला, पुन्हा वर आलं की पुन्हा. त्याने पारी फुटत नाही आणि आतलं शिजतं. मी हे घरी करून पाहिलं. पारी लाटता येते, पण अजून मध्य जाड राहत नाही.

दुकानाच्या भिंतीवर, गल्ल्याच्या वर, एक जाडजूड लाल कॅलेंडर होतं. रोज एक पान फाडायचं. आपल्याकडे कालनिर्णयच्या चौकटींत दुधाचे खाडे लिहितात. आयी फाडलेल्या पानांच्या मागे उधारी लिहायची. सायकलवरून लोकांच्या घरी जेवण पोचवणारी पोरं दुपारी तीननंतर यायची, स्वतः जेवायला. आठवड्याच्या शेवटी पैसे द्यायची. तोवर त्यांचं पान खिळ्याला टोचलेलं असायचं. कुणी दिले की ती पान काढून चुरगाळून टाकायची. काही पानं पिवळी पडलेली होती आणि तीही तिथेच होती.

२०१६ च्या फेब्रुवारीत आईचा फोन आला, आजीचं काही खरं नाही, ये. रात्रीचं विमान होतं. मी बॅग घेऊन विमानतळाकडे निघाले आणि का कोण जाणे, वाटेत फ्लशिंगला उतरले. आयीला सांगायला, बहुतेक. दुकान भरलेलं होतं. मुलगा आता कॉलेजात जायचा, पण त्या दिवशी होता. त्याने सांगितलं आणि आयीने मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. मी भूक नाही म्हणाले. ती काहीतरी ठासून बोलली. मुलगा म्हणाला, "आमच्याकडे म्हण आहे. गाडीत चढताना च्याओझ, उतरताना शेवया. जो निघालाय त्याला च्याओझ खाल्ल्याशिवाय सोडत नाहीत." रांगेतल्या लोकांना थांबवून तिने माझ्यासाठी सहा च्याओझ टाकले, तीन वेळा उकळी मोडली आणि समोर उभी राहिली.

मी मुंबईहून निघाले होते तेव्हा आजीने माझ्या हातावर दही ठेवलं होतं. तिचा हात तेव्हाच थरथरत होता आणि दही मनगटावर ओघळलं होतं. ते चाटून टाक, पुसू नको, असं ती म्हणाली होती. आयीच्या समोर ते सहाच्या सहा संपवले.

आजी मला ओळखत होती. नऊ दिवस मी तिच्याजवळ होते. दहाव्या दिवशी पहाटे गेली, साडेतीनच्या सुमाराला, तिच्या उठायच्या वेळेला. सगळं आवरल्यावर आईने तिच्या ट्रंकेतून एक वही काढून माझ्या हातात दिली. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट. त्यात माणसांची नावं नव्हती, गावांची होती: पाटणवाला, देवरूखवाला मोठा, देवरूखवाला धाकटा, कोरेगाववाला, लांज्याचा. प्रत्येकापुढे महिने आणि आकडे. पैसे आले की लाल पेन्सिलने आडवी रेघ. शेवटच्या पानावर १९८२.

मार्चमध्ये परत आले. विमानतळावरून घरी न जाता सरळ दुकानात गेले, बॅगेसकट. दुपारची साडेतीनची वेळ, दोनच टेबलं लागलेली. मुलाला काही सांगावं लागलं नाही; आयीने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हात पुसून समोर बसली. मी वही काढून तिच्यापुढे ठेवली. तिला देवनागरी येत नाही. पण तिने पानं सावकाश उलटली, रेघांवरून बोट फिरवलं, आणि शेवटच्या पानाशी थांबली. तिथे रेघ मारलेल्या ओळी सात होत्या. राहिलेल्या ओळींवर ती एकेक बोट ठेवत गेली आणि शेवटी म्हणाली, "शर-यी." अकरा.

मग तिने मुलाला काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "ती विचारतेय, हे लोक कुठे गेले?"

"गावी," मी म्हटलं. "आपापल्या घरी."

त्याने सांगितलं. आयीने वही मिटली, पुठ्ठ्यावर तळवा ठेवून थोडी बसली, उठली आणि आत गेली. मला वाटलं च्याओझ आणायला गेली. बराच वेळ लागला. दिसलं ते असं: फडक्याखालच्या चार-पाच लाट्या तिने एकत्र मळल्या, त्या छोट्या लाटण्याने मोठी पोळी लाटली, पीठ भुरभुरून घडी घातली आणि सुरीने कापू लागली. पट्ट्या कमीजास्त रुंद येत होत्या. त्या दुकानाच्या भिंतीवर शेवयांचा एकही फोटो नव्हता. दुसऱ्या दोघी हात थांबवून बघत होत्या. तिने त्या पट्ट्या झटकून मोकळ्या केल्या आणि च्याओझच्याच पाण्यात सोडल्या.